लेकीला नववीपासूनच कॉलेजच्या आवारात धाडावं का? (अर्ली कॉलेज, ड्युअल एनरोलमेंट, सीटीई)

ओसरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात. लेक आठवीत. मागच्या आठवड्यात तिच्या शाळेत अर्ली कॉलेजची मंडळी माहिती द्यायला आली होती आणि बाईसाहेब फॉर्म फडकवतच घरी आल्या. कम्युनिटी कॉलेजच्या आवारातच एक छोटं हायस्कूल आहे, एका इयत्तेत शंभराच्या आत मुलं. नववी-दहावीत बहुतेक विषय शाळेचे, पुढे हळूहळू कॉलेजचे वर्ग, आणि पाच वर्षांत हायस्कूलचा डिप्लोमा नि असोसिएट डिग्री (कॉलेजची दोन वर्षांची पदवी) दोन्ही हातात. ट्यूशन फी शून्य.

नवरा म्हणतो, "एवढं फुकट आहे म्हणजे कुठेतरी गोम असणार." माझं मत रोज बदलतं. नेहमीच्या हायस्कूलमध्ये ऑर्केस्ट्रा आहे, ही सहावीपासून व्हायोलिन वाजवते. अर्ली कॉलेजात ऑर्केस्ट्रा नाही, बँड नाही, टीम नाहीत. तिला विचारलं तर म्हणते, "आई, तिथे घंटाच नाही वाजत." एवढ्या सगळ्यात हिला आवडलं काय, तर ते!

फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया लिहा. "मुलीला हवं ते करू द्या" एवढंच लिहू नका, ते बहिणीने फोनवर सांगून झालंय.

जुनाजाणता

घाई कशाची आहे हेच मला कळत नाही. चौदाव्या वर्षी कॉलेज, अठराव्या वर्षी असोसिएट, विसाव्या वर्षी पदवी. आणि मग? पंचेचाळीस वर्षं नोकरीच करायची आहे ना? प्रॉम, टीम, उगाच कॉरिडॉरमध्ये उभं राहून मारलेल्या गप्पा, हे पुन्हा मिळत नाही. माझी दोन्ही मुलं साध्या हायस्कूलमधून गेली, एपी केले, छान चाललंय.

पाटीपेन्सिल

मी एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. ओसरींच्या राज्यात नाही, पण शाळकरी मुलं माझ्या वर्गात दर सत्रात असतात.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, नाहीतर पन्नास प्रतिसाद होतील आणि तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देत बसू. एपी म्हणजे शाळेतच, शाळेच्या शिक्षकांनी शिकवलेला कॉलेजच्या पातळीचा विषय. मे महिन्यात एक परीक्षा, १ ते ५ गुण, आणि त्यावर क्रेडिट द्यायचं की नाही हे पुढचं कॉलेज ठरवणार. परीक्षा वाईट गेली तर बहुतेक ठिकाणी तो आकडा कळवलाच नाही तरी चालतं. ड्युअल एनरोलमेंट म्हणजे मूल शाळेचंच, पण एखाद-दुसरा विषय खऱ्याखुऱ्या कॉलेजचा. त्याची ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर चढते आणि ती कायमची. अर्ली कॉलेज म्हणजे ही दुसरी गोष्टच पायाशी धरून बांधलेली अख्खी शाळा.

हा फरक लोक हसण्यावारी नेतात. पंधरा वर्षांच्या पोराने सकाळी आठच्या वर्गाला दांड्या मारल्या, शेवटी डी मिळाला, तर तो डी त्याच्या बाविसाव्या वर्षीही तिथेच असतो.

दुसरी गोष्ट, आईवडिलांसाठी. सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला हमखास एक ईमेल येते, "माझ्या मुलाचं कसं चाललंय?" उत्तर मला देता येत नाही. फेर्पा कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात दाखल झालं की कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क मुलाचा, मग वय सोळा का असेना. कॉलेजने शाळेला ग्रेड कळवली की ती तुम्हाला शाळेकडून कळू शकते, करात मूल अवलंबित दाखवत असाल तर काही कॉलेजं थोडी सवलत देतात, पण प्राध्यापक तुमच्याशी फोनवर बोलतील ही आशा सोडा. ज्या घरात आई रोज रात्री पोर्टल उघडून ग्रेड बघते (मीही बघायचे, लपवत नाही), तिथे पहिलं सत्र आईलाच जड जातं.

कडीपत्ता

पाटीपेन्सिल यांच्या त्या "कायमची"ला आमच्याकडून अनुमोदन. दुधाने तोंड पोळलंय.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात. इथे रनिंग स्टार्ट आहे, १९९० च्या कायद्यापासून. अकरावी-बारावीत मुलं कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसतात, ट्यूशन लागत नाही. पुस्तकं, किरकोळ फिया, जाण्यायेण्याचा खर्च आपला. हिशोब असा की कॉलेजचा पाच क्रेडिटचा एक क्वार्टर म्हणजे हायस्कूलचं अख्खं एक वर्ष. ऐकायला काय छान! दहा-अकरा आठवड्यांत वर्षाचं काम फत्ते.

याची दुसरी बाजू आम्हाला नोव्हेंबरात कळली. मुलाने रसायनशास्त्र घेतलं. शाळेत सप्टेंबरभर उजळणी चालते तसं असेल असं धरून चालला. दुसऱ्या आठवड्यात पहिली चाचणी, चौथ्यात दुसरी. तो पोटाच्या फ्लूने आठवडाभर झोपला तेव्हा अर्धं मिडटर्म निघून गेलं होतं. ड्रॉपची, म्हणजे विषय मध्येच सोडून द्यायची, मुदत कधी हे त्याला माहीत नव्हतं आणि मला तर अशी काही मुदत असते हेच माहीत नव्हतं. सी आला.

सी म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. पण त्याला मेडिकलला जायचंय. तिथले अर्ज ज्या एएमसीएएस मार्फत जातात, तिथे हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्ससुद्धा दाखवावे लागतात, ट्रान्सक्रिप्टसकट, आणि त्या ग्रेडा सरासरीत धरल्या जातात. विज्ञानाच्या वेगळ्या सरासरीतही. सोळाव्या वर्षीचा फ्लू अजून त्याच्या मागे आहे.

ओसरी, तुमची लेक मेडिकलचं नाव काढत असेल तर हे आधीच सांगून ठेवा. घाबरवायला नाही. पहिल्या सत्रात इंग्रजी किंवा संवादकौशल्यासारखा विषय घ्यायचा आणि विज्ञान मागाहून, एवढ्यासाठी.

जुनाजाणता

@कडीपत्ता, म्हणजे माझंच म्हणणं झालं की.

कडीपत्ता

नाही हो काका. धाकटीलाही तिथेच पाठवलंय. फक्त आता फ्रिजवर ड्रॉपची तारीख लाल पेनने लिहिलेली असते.

सोनटक्का

धाग्याच्या शीर्षकात सीटीई पण आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते. आपल्या मंडळींत करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन म्हटलं की चेहरे पडतात. "म्हणजे आयटीआयच ना?" हे मला प्रत्यक्ष ऐकवलं गेलंय, तेही दिवाळीच्या पार्टीत, हातात फराळाची प्लेट असताना.

माझ्या मुलीने अकरावीत आरोग्य शाखेची सीटीई घेतली, त्यात सीएनए, म्हणजे नर्सिंग असिस्टंटचं प्रमाणपत्र. केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, बरीच राज्यं त्याहून जास्त मागतात. आमचं घर महिनाभर प्रयोगशाळा झालं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत हात धुणं हे एक पूर्ण कौशल्य आहे: बोटांची टोकं कोपरापेक्षा खाली, साबणाचा फेस करून किमान २० सेकंद चोळायचं, नखं तळव्यावर घासायची, सिंकच्या आतल्या बाजूला हात लागला की पहिल्यापासून. नळ बंद करायचा तो कोरड्या कागदी टॉवेलने, हाताने नाही. सासूबाई डायनिंग टेबलापाशी बसून बघत होत्या. चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं तेव्हा म्हणाल्या, "यापेक्षा आमचं सोवळं परवडलं."

मग नर्सिंग होममधले दिवस. माणूस पलंगावर असतानाच चादर कशी बदलतात: त्याला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळत न्यायची, नवी तिच्या मागोमाग, मग दुसऱ्या कुशीवर. पहिल्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी एका आजींबद्दल सांगत बसली, त्या हिला रोज नवं नाव विचारायच्या आणि ही रोज तेच सांगायची.

फायदा काय झाला? आमच्या घरात ती चौथीपासून "डॉक्टर" होती. ठरलेलंच होतं, कुणी ठरवलं ते आठवत नाही. या तासांनंतर तिने शांतपणे सांगितलं की तिला डॉक्टर व्हायचं नाही, ऑक्युपेशनल थेरपी करायचीय, कारण डॉक्टर पाच मिनिटं येतो आणि थेरपिस्ट तासभर बसतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा अकरावीत कळलेलं बरं.

आडवाट

सोनटक्का, प्रतिसाद फार आवडला. सीटीईला माझा विरोध नाही, पण एका खड्ड्यावर पाटी लावून जातो, कारण त्यात आम्ही पडलोय.

असोसिएट डिग्री एकाच प्रकारची नसते. एए आणि एएस या पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या असतात. एएएस, म्हणजे मध्ये 'अप्लाइड' असलेली, ही थेट नोकरीसाठी. तिच्यातले तांत्रिक विषय विद्यापीठं सहसा पदवीत धरत नाहीत, काही ठरावीक कॉलेजांमध्ये आपापसांत करार असेल तरच. माझ्या भाच्याने मेकॅट्रॉनिक्समध्ये साठच्या वर क्रेडिटं हायस्कूल संपेपर्यंत केली. सगळे ए आणि बी. पोरगा हुशार, पीएलसी प्रोग्रॅमिंग त्याच्या हातात बसलेलं. मग वाटलं, इंजिनीअरिंगची पदवी करू. विद्यापीठाने त्यातली जेमतेम एकोणीस मोजली. त्याचं तांत्रिक गणित कॅल्क्युलसच्या साखळीत कुठेच बसत नव्हतं.

शाळेतल्या सल्लागार बाईंनी "असोसिएट मिळते" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. आम्ही पुढचा प्रश्न विचारला नाही.

@सोनटक्का, त्या आयटीआयच्या टोमण्यावर: आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तो रस्ता धरलेले किती चांगले इंजिनीअर आपण पाहिलेत. मी स्वतः त्यातला आहे. त्यामुळे मला वाटलं की इथेही तसाच पूल असणार. इथे पूल आहे, पण तो कोणत्या डिग्रीपासून सुरू होतो हे आधी बघावं लागतं.

पाटीपेन्सिल

आडवाट यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. क्रेडिट म्हणजे चलनासारखं आहे, एका देशात चालतं म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही. ओसरी, तुमच्या राज्यात कम्युनिटी कॉलेजं आणि यूएनसीची, म्हणजे राज्याची सरकारी, विद्यापीठं यांच्यात जुना करार आहे, १९९७ चा, २०१४ मध्ये नव्याने केलेला. त्यात ठरावीक विषयांची एक यादी आहे, यूजीईटीसी म्हणतात तिला. त्यातला विषय सी किंवा वरच्या ग्रेडने केला की सोळाही यूएनसी विद्यापीठांत तो सामान्य शिक्षणाच्या खात्यात जमा. पूर्ण एए किंवा एएस केली तर सोळांपैकी कुठेतरी प्रवेशाची हमी. "कुठेतरी" हा शब्द दोनदा वाचा. हव्या त्या विद्यापीठाची, हव्या त्या शाखेची हमी नाही.

खाजगी विद्यापीठांना हा करार लागू नाही. त्यातली बरीच, विशेषतः नावाजलेली, जो कोर्स हायस्कूलच्या डिप्लोमासाठी मोजला गेला त्याला क्रेडिटच देत नाहीत. प्रवेशाच्या वेळी "मुलीने अवघड काम केलं" म्हणून ते बघतील, पण वर्ष वाचणार नाही.

आणि प्रत्येक राज्याचा खेळ वेगळा. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लसमध्ये मूल नापास झालं तर शाळा-जिल्हा पालकांकडून पैसे वसूल करू शकतो. जॉर्जियाने २०२० पासून सरकारी पैशातून मिळणाऱ्या क्रेडिटांवर साधारण ३० ची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाचं संकेतस्थळ आहे, कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या सरकारी विद्यापीठात कशाच्या जागी धरतात ते तिथे दिसतं. तेव्हा "आमच्याकडे असं होतं" हे वाचताना आधी राज्य बघा.

बॅटरी_लो

एच-४ (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) वाल्यांसाठी दोन ओळी, कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

मूल एच-४ वर असेल तर शिकायला आडकाठी नाही. पण काम करता येत नाही. एच-४ वर ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, मिळतो तो काही जोडीदारांना, मुलांना नाही. सीटीईसारख्या करिअर पाथवेचा कळस म्हणजे पगारी इंटर्नशिप किंवा नोंदणीकृत अप्रेंटिसशिप, आणि तीच नेमकी आपल्या मुलांना बंद. माझ्या मुलाच्या वर्गातली सगळी मुलं उन्हाळ्यात मशीन शॉपमध्ये पगारावर गेली. हा घरी बसून त्यांचे फोटो बघत होता. शाळेचा काही दोष नाही, त्यांना एच-४ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

दुसरं, कॉलेजचे कोर्स स्थानिक दराने किंवा फुकट मिळणार की नाही हे राज्य आणि कॉलेज बघून ठरतं. नोंदणीआधी लेखी विचारा. तिसरं, २१ वं वर्ष. ते ओलांडलं की एच-४ संपतो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. काही पालक अर्ली कॉलेजकडे याच हिशोबाने बघतात, की पदवी त्याआधी हाती यावी. मी त्यांना नावं ठेवत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिल्यावर माणूस कॅलेंडरच बघतो.

ओसरी

बापरे, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार. आमचं ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे ती एक काळजी नाही.

काल आम्ही तिघं जाऊन आलो. इमारत साधीच. नववीच्या वर्गाबाहेर बाकावर दोन मुलं बसली होती आणि शेजारी चाळिशीतला एक माणूस, कामाचे बूट घातलेला, तिघांच्या मांडीवर एकच सांख्यिकीचं पुस्तक. तो कॉलेजचा विद्यार्थी होता. लेक त्या बाकाकडे बघतच राहिली. नवऱ्याला पार्किंग आवडलं.

पण एक गोष्ट मनात रुतली. तिथल्या बाईंनी सांगितलं की कायद्यानेच ही शाळा प्रामुख्याने अशा मुलांसाठी आहे ज्यांच्या घरात कुणी कॉलेजला गेलेलं नाही, किंवा जी शाळा सोडण्याच्या बेतात आहेत. आमच्या घरात दोन मास्टर्स. आपण कुणाची तरी खुर्ची अडवतोय का?

पाटीपेन्सिल

चांगला प्रश्न. मराठी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत हा कुणी विचारलेला मी पाहिला नव्हता.

या कल्पनेचे पूर्वज दोन आहेत आणि त्यांचं आपसात फारसं जमत नाही. एक मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेलं सायमन्स रॉक, तिथे पहिले विद्यार्थी १९६६ मध्ये आले. दहावी-अकरावीतच शाळेला कंटाळलेली, पुढे धावणारी मुलं, त्यांना थेट कॉलेज. दुसरं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजमधलं मिडल कॉलेज हायस्कूल, १९७४. शाळेतून गळून पडणारी मुलं, त्यांना कॉलेजच्या आवारातच आणून बसवायचं, म्हणजे कॉलेज ही परक्यांची जागा वाटणार नाही. एक पुढच्यांसाठी, एक मागे पडणाऱ्यांसाठी. २००२ नंतर गेट्स फाउंडेशनच्या पैशातून देशभर ज्या अर्ली कॉलेज शाळा निघाल्या त्या दुसऱ्या वंशातल्या. तुमच्या राज्याच्या कायद्यात मात्र वेगाने शिकू शकणारी मुलंही तिसरा गट म्हणून लिहिलेली आहेत. तेव्हा दार तुमच्या लेकीला बंद नाही.

संशोधनाचं म्हणाल तर, सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना करून अभ्यास झालेत, तुमच्याच राज्यातही. नंबर लागलेली मुलं जास्त प्रमाणात कॉलेजात गेली आणि जास्त प्रमाणात डिग्री घेऊन बाहेर पडली. पण ज्या मुलीच्या घरात दोन मास्टर्स आहेत ती कॉलेजला जाणारच आहे. तिला मिळणारा फायदा तो नाही. तिचा फायदा बाकावरच्या त्या बूटवाल्या माणसात असेल तर असेल.

खुर्चीबद्दल माझं मत: सोडत असेल तर अर्ज करा, सोडतीत सगळे सारखे. मुलाखतीने निवड असेल तर मला थोडं अवघड वाटलं असतं. पण ते माझं.

गारवा_०५

नमस्कार. माझं मराठी लिहिणं जरा कच्चं आहे, आई शेजारी बसून चुका काढते आहे. मी टेक्ससमध्ये अर्ली कॉलेज हायस्कूलमधून आलो, आता विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल.

मी ६० क्रेडिट घेऊन आलो. टेक्ससमध्ये ४२ क्रेडिट तासांचा कोअर (सगळ्यांना सक्तीचे सामान्य विषय) असतो, तो पूर्ण केला की सगळी सरकारी विद्यापीठं त्याला मानतात. इतिहास, सरकार, इंग्रजी, सगळं झालेलं. पहिल्या दिवशी कंप्युटरवर माझ्या नावापुढे 'ज्युनियर', म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, असं लिहिलं होतं. घरी सगळे म्हणाले, दोन वर्षं वाचली!

नाही वाचली. इंजिनीअरिंगमध्ये कॅल्क्युलस, मग फिजिक्स, मग स्टॅटिक्स, मग डायनॅमिक्स, असं एकामागे एक आहे. मागचं झाल्याशिवाय पुढचं देत नाहीत. इतिहास आधी करून ही रांग लहान होत नाही. माझं एक सत्र वाचलं. पण प्रत्येक सत्रात मला पाचच्या ऐवजी चार विषय असतात, त्यामुळे प्रयोगशाळेत काम करायला वेळ मिळतो, आणि मला झोप मिळते. माझ्या रूममेटला मिळत नाही.

वाईट काय? आमच्या शाळेत नाटक नव्हतं. मला नाटक आवडायचं. आणि जिथे मी कॉलेजला जायचो तिथे मुलं माझ्याशी छान बोलायची, पण माझं वय कळलं की प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये मला फक्त स्लाइड बनवायला द्यायची. एकदा मी सांगितलंच नाही. मग मला बजेट दिलं. बजेट चुकलं. :)

आई म्हणते हेही लिही: पहिल्या वर्षी मी ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांना भेटून शंका विचारायची वेळ) एकदाही गेलो नाही कारण मला वाटलं ती शिक्षा असते.

कडीपत्ता

@गारवा_०५, मराठी अजिबात कच्चं नाही. आईला सांग, इथे अर्ध्या लोकांना "ऑफिस अवर्स"ला मराठी शब्द माहीत नाही.

जुनाजाणता

गारवा, नाटकाचं वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. माझं मत थोडं बदललं असं म्हणायला हरकत नाही. घाईचा मुद्दा मागे घेतो, पण नाटकाचा धरून ठेवतो.

ओलीवाट

शांतपणे वाचत होते, एक राहिलेलं लिहिते. मुलाला शाळेत आयईपी (खास गरज असलेल्या मुलासाठी आखलेला शिक्षणाचा आराखडा) असेल तर ती कॉलेजच्या वर्गात आपोआप चालत नाही. कॉलेजला आयईपीचा कायदा लागू नाही, तिथे एडीए आणि कलम ५०४, म्हणजे अपंगत्वावरून भेदभाव रोखणारे कायदे. मुलाने स्वतः डिसॅबिलिटी ऑफिसात जाऊन कागद दाखवायचे, मागायचं, आणि मग प्रत्येक सत्रात पत्र काढून प्राध्यापकाला द्यायचं. माझ्या मुलाला परीक्षेत दीडपट वेळ मिळायचा. कॉलेजातही मिळाला, पण दुसऱ्या चाचणीपासून, कारण पहिलीच्या आधी आम्हाला माहीतच नव्हतं. कमी गोंगाटाची, छोटी शाळा म्हणून बरेच पालक अशा मुलांसाठी अर्ली कॉलेजचा विचार करतात, म्हणून सांगितलं.

आडवाट

ओसरी, पुन्हा गेलात तर मी भाच्याच्या वेळी जे विचारलं नाही ते विचारा. शेवटी मिळणारी डिग्री एए, एएस की एएएस? गेल्या वर्षीची मुलं कुठल्या विद्यापीठात गेली आणि तिथे त्यांची किती क्रेडिटं *पदवीत* धरली गेली? नुसती "स्वीकारली" नाही. विद्यापीठ साठ क्रेडिटं स्वीकारतं आणि त्यातली तीस 'ऐच्छिक' म्हणून कोपऱ्यात टाकून देतं, तिथेच फसगत होते. आणि चार वर्षांत बाहेर पडायची मुभा आहे का, की पाचवं वर्ष सक्तीचं?

सोनटक्का

आणि व्हायोलिनचं काय ठरलं?

ओसरी

फॉर्म आज गेला. सांगते सगळं.

आडवाट, तुमचे प्रश्न कागदावर लिहून फोन केला. एए किंवा एएस, दोन्हीतलं निवडता येतं. एएएस त्या शाळेत नाहीच. पाचवं वर्ष ऐच्छिक, चार वर्षांतही निघता येतं. "किती क्रेडिटं पदवीत धरली" यावर बाई थोडा वेळ गप्प झाल्या आणि म्हणाल्या की हा प्रश्न पालक विचारत नाहीत, त्या माजी विद्यार्थ्यांना विचारून कळवतील. निवड सोडतीने आहे, त्यामुळे पाटीपेन्सिल, माझी रात्रीची झोप वाचवलीत.

व्हायोलिनसाठी एक युवा ऑर्केस्ट्रा सापडलाय, शाळेशी संबंध नसलेला. रविवारी दुपारी तालीम, गाडीने पस्तीस मिनिटं, आणि त्याची ऑडिशन वेगळी. म्हणजे रविवार गेला. नवरा म्हणाला, मी सोडीन. हा त्याचा होकार आहे असं मी धरलंय.

गारवा, तुझा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला, बजेटसकट. ती म्हणाली, "मी वय सांगेन, पण बजेट पण करीन." बघू.

कडीपत्ता, फ्रिजवरच्या लाल पेनची आयडिया उचलली आहे.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, तुला इथे का यायचंय, दोन परिच्छेदांत. दीड तास दार लावून बसली होती. मी म्हटलं, दाखव, शुद्धलेखन तरी बघते. म्हणाली, "पाटीपेन्सिल मावशींनी सांगितलंय ना, फेर्पा!" आणि सबमिटचं बटण दाबून मोकळी झाली.

पाटीपेन्सिल

फेर्पा अजून लागू झालेला नाही असं तिला सांगा. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.